दहा हजारांत गाडीचा स्टिरिओ: पैसे कुठे घालायचे, कुठली वायर कुठे जोडायची

सेकंडहँड वॅगन आर किंवा स्विफ्ट घेतली की टायर, बॅटरी, सीट कव्हर ही कामं आधी उरकली जातात. मग नंबर लागतो टेपचा. कंपनीच्या जुन्या सेटमध्ये ब्लूटूथ नसतं, सीडी आता कोणी बाळगत नाही आणि यूएसबीचं तोंड सैल झालेलं असतं. नाशिकमध्ये सातपूर-अंबडला रोज ये-जा करणाऱ्याला, अधूनमधून कसारा घाट उतरून मुंबईला जाणाऱ्याला जरा बरा आवाज हवा असतो, आणि त्यासाठी खिशात साधारण दहा हजार रुपये असतात. एवढ्यात काम नीट होतं. पण ॲक्सेसरीजच्या दुकानात शिरलं की नजर जाते नऊ इंची उजळ स्क्रीनवर, आणि दहातले आठ हजार तिथेच संपतात. उरलेल्या दोनात स्पीकर, फ्रेम, कपलर (गाडीच्या वायरी सेटला जोडणारा तयार जोड), मजुरी सगळं कोंबायचं. म्हणजे जे दिसतं त्यावर पैसा गेला आणि जे ऐकू येतं, जे गाडी सुरक्षित ठेवतं, त्याला काही उरलं नाही.

माझा सल्ला सरळ आहे. सेट साधा पण खात्रीचा घ्या, पुढच्या दोन दारांचे स्पीकर चांगले घ्या, आणि वायरिंग करणाऱ्याला घाई करू देऊ नका. दहा हजारांतले निम्मे सेटला, तीनेक हजार पुढच्या स्पीकरना आणि उरलेले कपलर, फ्रेम, दाराचं काम आणि मजुरीला, अशी वाटणी मला योग्य वाटते.

आधी माप

सेट आवडण्याआधी तो गाडीत मावला पाहिजे. डॅशबोर्डमधल्या खणाचं माप डीआयएन या जर्मन मानक संस्थेने ठरवलं, म्हणून त्याला डिन म्हणतात. तेच पुढे आयएसओ ७७३६ म्हणून जगभर चालू झालं. सिंगल डिन म्हणजे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. डबल डिनची रुंदी तीच, उंची १०० मिलिमीटर. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत खण २०० मिलिमीटर रुंद असतो, तिथे साधा डबल डिन बसवला की दोन्ही बाजूंना फट राहते आणि ती झाकायला पट्ट्या लागतात.

नव्या गाड्यांत मात्र कंपनीचा सेट चौकोनी खणात नसतोच. तो डॅशबोर्डच्या वळणाप्रमाणे घडवलेला असतो, एसीच्या जाळीला चिकटलेला. तो काढला की आत वेड्यावाकड्या आकाराचं भोक दिसतं. त्यासाठी त्या-त्या मॉडेलची फ्रेम मिळते. फ्रेम घेताना गाडीचं नाव सांगून भागत नाही, मॉडेलचं वर्षही सांगा, कारण एकाच नावाच्या गाडीचा डॅशबोर्ड पिढी बदलली की बदलतो. आणि फ्रेम नुसती समोर धरून बघू नका. हॅझर्डचं बटण झाकलं जात नाही ना, एसीचे नॉब फिरतात ना, गिअर पहिल्यात टाकला की हात स्क्रीनला लागत नाही ना, हे तीन प्रश्न पैसे देण्याआधी सुटले पाहिजेत.

खोलीकडे फार कमी जण बघतात. सीडीवाला सेट खोल असतो. नुसता यूएसबी-ब्लूटूथवाला त्याहून बराच आखूड. मागे वायरचा गुच्छ, कपलर आणि अँटेनाची पिन यांनाही जागा लागते. जागा नसताना सेट दाबून बसवला की वायर धातूच्या कडेवर घासत राहते. आज काही होत नाही. त्र्यंबक रस्त्याचे खड्डे खाऊन सहा महिन्यांनी तिचं आवरण फाटतं, मग फ्यूज उडू लागतो आणि कारण सापडत नाही.

पन्नास बाय चार म्हणजे किती?

खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: ५० वॅट × ४. दुकानदारही तेच सांगतो, "साहेब, दोनशे वॅटचा आहे." हा आकडा कुठून येतो ते शाळेतल्या विज्ञानाने तपासता येतं.

इंजिन चालू असताना गाडीचं वायरिंग साधारण १४ व्होल्ट देतं. सेटमधली ॲम्प्लिफायरची आयसी, म्हणजे आवाज मोठा करणारी चिप, स्पीकरच्या दोन टोकांमध्ये फार तर तेवढाच दाब लावू शकते. गाडीतला स्पीकर बहुतेक ४ ओहमचा. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम: १४ गुणिले १४ म्हणजे १९६, त्याला ४ ने भागलं की ४९. हेच ते पन्नास वॅट. पण हे तेव्हाच मिळतात जेव्हा आयसी आवाजाची लहर पूर्ण चिरडून चौकोनी करते, म्हणजे गाणं नुसतं फाटलेलं ऐकू येतं. स्वच्छ, गोलाईदार लहरीला याच्या निम्मे मिळतात, साडेचोवीस. त्यातून आयसीचं स्वतःचं नुकसान वजा केलं की प्रत्येक स्पीकरला १८ ते २० वॅटच्या आसपास हातात येतात. सेट कुठल्याही कंपनीचा असो, बॅटरीवरून थेट चालणाऱ्या आयसीला ही मर्यादा ओलांडता येत नाही.

दुसरी पडताळणी फ्यूजवरून होते. अनेक सेटच्या मागे १० अँपिअरचा फ्यूज असतो. १० अँपिअर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे १४० वॅट आत येणार. त्यातला जवळपास निम्मा भाग उष्णता होऊन जातो. मग स्पीकरकडे सतत दोनशे वॅट जाणार कुठून?

म्हणून दोन सेटमधला निर्णय "पन्नास की साठ" यावर करू नका. माहितीपत्रकात आरएमएस वॅट, म्हणजे सतत मिळणारे खरे वॅट, शोधा. १८, २०, २२ असा आकडा दिसला तर कंपनी खरं सांगते आहे असं समजा. आणि तो मिळाला नाही तरी घाबरू नका, आकडा तिथेच जवळपास असणार. निवड करायची ती इतर गोष्टींवर: ब्लूटूथवर बोलताना समोरच्याला आवाज स्वच्छ जातो का, माईक वेगळा लांब वायरवर मिळतो का, इक्वलायझर किती पट्ट्यांचा आहे, पुढे कधी वेगळा ॲम्प्लिफायर लावायचा तर त्याला सिग्नल देणारी प्रीआउटची भोकं आहेत का, आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाशिकमध्ये आहे की सेट पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो.

आवाज स्पीकरमधून येतो

वॅटचं गणित कळलं की स्पीकरकडे बघायची दृष्टीही बदलते. स्पीकरच्या खोक्यावर "३०० वॅट पीक" लिहिलेलं असतं ते विसरा. तुमच्याकडे वीस वॅटच आहेत. बघायचा आकडा संवेदनशीलतेचा, जो डेसिबलमध्ये दिलेला असतो. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती आवाज येतो, ते तो सांगतो. ३ डेसिबल जास्त म्हणजे अर्ध्या वॅटमध्ये तेवढाच आवाज. ८७ डेसिबलच्या स्पीकरला जो आवाज काढायला वीस वॅट लागतात, तो ९३ डेसिबलचा स्पीकर पाच वॅटमध्ये काढतो. साध्या सेटवर चालवायचे स्पीकर ९० च्या वरचेच घ्यावेत. हा आकडा इंटरनेटवर मॉडेलचं नाव टाकून घरबसल्या बघता येतो, आणि तो बघून दुकानात गेलात तर बोलणंच वेगळं होतं.

पैसे पुढच्या दारांवर घाला. मागच्या पार्सल ट्रेवर दोन मोठे अंडाकृती सहा-बाय-नऊ लावायची आपल्याकडे फार आवड आहे. चालवणारा आणि शेजारचा पुढे बसतात, गाणारा माणूस मात्र पाठीमागून गातो. त्यातून हॅचबॅकची ट्रे हलकी, ती स्वतःच थरथरते. मागचे स्पीकर कंपनीचेच राहू द्या, पुढे साडेसहा इंची किंवा तुमच्या दाराच्या मापाचे चांगले कोॲक्सियल (ज्यांत बारीक सुरांचा छोटा स्पीकर मधोमध बसवलेला असतो) लावा, आणि फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या आवाजाची वाटणी, जरा पुढे ठेवा.

दाराच्या आत काय होतं हे समजून घेण्यासारखं आहे. दार म्हणजे पत्र्याचा पोकळ डबा. स्पीकरचा कोन पुढे जातो तेव्हा मागे हवा खेचली जाते, आणि पत्र्याला भोकं असतील तर पुढची-मागची हवा एकमेकींना भिडून खालचे सूर मारले जातात. तबल्याचा डग्गा किंवा ढोल हलका वाटतो तो बहुतेक यामुळे. स्पीकरच्या मागच्या पत्र्यावर डँपिंग शीटचा (पत्र्याची थरथर दाबणाऱ्या चिकट पट्टीचा) एक वितभर तुकडा, स्पीकरच्या कडेला फोमची गॅस्केट, आणि सैल स्क्रूऐवजी घट्ट बसणारा प्लास्टिकचा स्पेसर, एवढ्यावर फरक लगेच ऐकू येतो. पूर्ण दाराला शीट मारायची गरज नाही, तो खर्च या बजेटमध्ये बसतही नाही.

आणि पाऊस. खिडकीच्या काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या आत उतरतं आणि खालच्या छिद्रांतून बाहेर जातं; दाराची रचनाच तशी असते. इगतपुरी, त्र्यंबक, घोटी या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने ते आत उतरतच असतं. म्हणून दाराच्या पॅडमागे जो प्लास्टिकचा पडदा असतो, तो स्पीकर बसवताना फाडून फेकू देऊ नका. कापायचा तर स्पीकरपुरता कापा आणि कडा पुन्हा चिकटवून घ्या. कोन पॉलिप्रॉपिलिनचा घ्या, कागदी नको.

स्पीकर जोडताना अधिक-उणे यात गफलत झाली तर आवाज येतोच, पण बेस गायब होतो, कारण एका दाराचा कोन पुढे जातो तेव्हा दुसऱ्याचा मागे. तपासायची सोपी रीत: एखादं ढोलकीचं गाणं लावा, बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या, मग मधोमध आणा. मधोमध आणल्यावर बेस वाढायच्या ऐवजी कमी झाला तर एका दाराच्या दोन वायर उलट्या आहेत. घडीभराचं काम असतं, तेव्हाच दुरुस्त करून घ्या.

एका वाहिनीवर दोन स्पीकर समांतर जोडायचा मोह टाळा. ४ ओहमचे दोन मिळून २ ओहम होतात, आयसी तापते आणि उन्हाळ्यात बंद पडते. आणि स्पीकरची उणे वायर कधीही बॉडीला लावायची नाही. जुन्या काळी तसं करत असत. आजच्या आयसीमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायर जिवंत असतात. त्यातली एक बॉडीला टेकली तर आयसी जळू शकते.

वायरींचे रंग

इथे जरा थांबून वाचा, कारण पुढच्या सगळ्या तक्रारी इथून निघतात.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सेटच्या वायरींचे रंग ठरलेले आहेत. पिवळी थेट बॅटरीची, तिच्यात कायम १२ व्होल्ट. लाल किल्लीची, म्हणजे एसीसी. किल्ली फिरवली की तिच्यात व्होल्ट येतात. काळी अर्थिंगची. निळी अँटेनाला, निळी-पांढरी पट्टेवाली ॲम्प्लिफायरला इशारा देणारी. नारिंगी पार्किंग लाइटची, रात्री सेटचा उजेड मंद करायला. स्पीकरसाठी पांढरी पुढची डावी, राखाडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी. प्रत्येकीची काळ्या पट्ट्याची जोडीदार म्हणजे उणे.

हे रंग सेटच्या बाजूचे. गाडीच्या बाजूचे रंग प्रत्येक कंपनी आपापले ठरवते, त्यांचा या यादीशी संबंध नाही. रंग जुळवून वायर जोडणारा फिटर म्हणूनच धोक्याचा. या दोन बाजूंमध्ये जो तयार जोड मिळतो तो कपलर: एका टोकाला तुमच्या गाडीचा सॉकेट, दुसऱ्या टोकाला सेटचा. दोन-चारशे रुपयांची वस्तू आहे, पण तिच्यामुळे कंपनीची एकही वायर कापावी लागत नाही. दुकानात पोहोचल्याबरोबर सांगून टाका, "दादा, वायर कापायची नाही, कपलर लावा. नसेल तर मागवा, मी उद्या येतो." गाडी वॉरंटीत असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण कापलेलं वायरिंग दिसलं की इलेक्ट्रिकल बिघाडाचा दावा नाकारायला कंपनीला कारण मिळतं.

पिवळी आणि लाल यांची कामं वेगळी का? लाल सेटला चालू-बंद करते. पिवळी सेटची स्मृती जिवंत ठेवते आणि त्याला लागणारा खरा प्रवाहही तीच देते. दोघींची अदलाबदल झाली तर किल्ली काढली की घड्याळ, रेडिओची स्टेशनं, इक्वलायझर सगळं पुसलं जातं, आणि फोन रोज नव्याने जोडावा लागतो. लोक सेटला दोष देतात, दोष जोडणीचा असतो.

दोघी एकत्र करून थेट बॅटरीला जोडल्या तर आणखी वाईट. किल्ली काढली तरी सेट आतून जागाच राहतो. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. नीट झोपलेला सेट आणि गाडीतल्या इतर गोष्टी मिळून ५० मिलिअँपिअर घेत असतील, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, दहा दिवसांत १२. गाडी तरीही सुरू होते. पण जागा राहिलेला सेट अर्धा अँपिअर खात असेल, तर तेच १२ अँपिअर-तास एका दिवसात जातात. शुक्रवारी रात्री लावलेली गाडी सोमवारी सकाळी नुसतं टक-टक करते. अशी गाडी घेऊन बॅटरीच्या दुकानात जाऊन नवी बॅटरी घेतात, आणि ती नवी बॅटरीही तशीच उतरते.

स्कोडा-फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्यांत स्टिरिओच्या सॉकेटमध्ये किल्लीची वायर नसतेच. किल्लीची बातमी कॅन-बस नावाच्या डिजिटल तारेवरून जाते. तिथे फिटरला लाल कुठे जोडावी ते सापडत नाही आणि तो ती पिवळीला बांधून मोकळा होतो. अशा गाडीला कॅन-बस डिकोडर असलेला कपलरच लागतो, किंवा फ्यूज बॉक्समधून किल्लीवर चालणारी जोडणी फ्यूजसकट काढून आणावी लागते. पोलो, व्हेंटो, रॅपिड असेल तर हा प्रश्न आधीच विचारा.

अर्थिंगसाठी कपलरमधली काळी सहसा पुरते. वेगळी द्यायची असेल तर रंग खरवडलेल्या, बोल्टने आवळलेल्या धातूवर, गोल थिंबल लावून. इंजिन चालू केल्यावर स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की तो चढतो, हे अल्टरनेटरचं. बहुतेक वेळा अर्थिंग कच्चं असतं. ॲम्प्लिफायर लावलेला असेल तर त्याच्या सिग्नलच्या वायर जाड पॉवर केबलला चिकटून नेलेल्या असतात. एक डाव्या बाजूने, एक उजव्या बाजूने न्यायची.

जोड कसा बांधला तेही बघा. नुसत्या पिळून काळी टेप गुंडाळलेल्या वायरी उन्हाळ्यात उघड्या पडतात, कारण एप्रिल-मेच्या उन्हात लावलेल्या गाडीत डॅशबोर्डमागे टेपचा गोंद वितळून ती सुटत जाते. सोल्डर करून वर हीट श्रिंक स्लीव्ह, किंवा पक्कडीने दाबलेला क्रिंप जोड. फिटरने सोल्डरिंग गन काढली की निम्मी काळजी मिटली.

एअरबॅगबद्दल मात्र कडक बोलायला हवं. १ जुलै २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, त्याआधीच्याही पुष्कळ गाड्यांत ती आहे. तिचे कनेक्टर बहुतेक पिवळे असतात. स्टिअरिंगखाली पिवळा कनेक्टर दिसला की त्याला हात लावायचा नाही. बल्बवाला टेस्ट लॅम्प घेऊन अंदाजाने वायरी टोचत फिरणं तर बिलकूल नाही. त्या बल्बमधून जाणारा प्रवाह एअरबॅग उडवायला पुरू शकतो. मल्टीमीटर वापरायचा. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं उणे टर्मिनल काढून काही मिनिटं थांबायचं. टर्मिनल काढण्याआधी कंपनीच्या सेटला कोड आहे का, तो तुमच्याकडे आहे का, तेही बघा, नाहीतर जुना सेट पुन्हा कधी लावायचा झाल्यास तो कुलूपबंद राहील.

रिव्हर्स कॅमेरा लावत असाल तर त्याची लाल वायर रिव्हर्सच्या दिव्याला जाते आणि तिथूनच एक बारीक वायर पुढे सेटच्या रिव्हर्सच्या टोकाला येते. ती बारीक वायर विसरली तर कॅमेरा चालू असूनही स्क्रीन आपोआप बदलत नाही. पार्किंग सेन्सरचा आवाज काही गाड्यांत कंपनीच्या सेटमधूनच येतो. तो सेट काढला की टूं-टूं बंद. असं असेल तर त्याची सोय आधी करून घ्या. हँडब्रेकची वायर सेटला असते ती गाडी चालताना व्हिडिओ दिसू नये म्हणून. ती बॉडीला जोडून मोकळं करून द्यायची पद्धत सर्रास आहे. तसं करायला नकार द्या. घाटात समोरच्या ट्रकपेक्षा स्क्रीनकडे नजर जाणं कोणाच्याही जिवावर बेतेल.

मोठी स्क्रीन घ्यायचीच असेल तर

स्वस्त अँड्रॉईड सेट म्हणजे स्क्रीन चिकटवलेला एक कमी ताकदीचा टॅबलेट. त्याला स्वतःचं इंटरनेट सहसा नसतं, फोनचा हॉटस्पॉट द्यावा लागतो. म्हणजे फोन तसाही कामाला जुंपलेला, आणि नकाशा मात्र फोनपेक्षा हळू. अशा सेटमध्ये सेटिंगमध्ये दिसणारी रॅम आणि अँड्रॉईडची आवृत्ती खोटी दाखवलेली असू शकते. सीपीयू-झेडसारखं ॲप टाकून दुकानातच तपासा. तो बंद स्थितीतून सुरू व्हायला किती वेळ घेतो ते स्वतः उभं राहून बघा. स्क्रीन बाजूने बघा: उजव्या सीटवरून रंग उलटे दिसत असतील तर ती आयपीएस (बाजूनेही नीट दिसणारी) स्क्रीन नाही, आणि दुपारी दिंडोरी रोडने जाताना काहीच दिसणार नाही.

दहा हजारांच्या आत मी अँड्रॉईड सेट सुचवत नाही. त्याऐवजी नावाजलेल्या कंपनीचा सिंगल डिन ब्लूटूथ सेट आणि फोनसाठी मजबूत होल्डर. स्क्रीन हवीच असेल तर सात इंची साधा सेट, ज्यात फक्त अँड्रॉईड ऑटो आणि ॲपल कारप्ले चालतं. तिथे सगळं डोकं फोनचं असतं, सेट केवळ पडदा आणि ॲम्प्लिफायर. फोन बदलला की गाडीतली सगळी यंत्रणा आपोआप नवी होते. वायरने जोडायचं असेल तर केबल चांगली घ्या. जोडणी मधेच तुटण्याचं कारण बहुतेक वेळा स्वस्त केबलच निघतं.

आकाशवाणी लागत नाही?

नाशिकची आकाशवाणी १०१.४ मेगाहर्ट्झवर आहे. नवा सेट बसवल्यावर ९३.५ आणि ९८.३ व्यवस्थित लागतात, आकाशवाणी मात्र खरखरते किंवा सापडतच नाही, असं झालं तर सेटचा देश तपासा. अमेरिकेच्या सेटिंगमध्ये ट्यूनर ०.२ मेगाहर्ट्झच्या उड्या मारतो आणि फक्त विषम दशांशांवर थांबतो: १०१.१, १०१.३, १०१.५. तिथे १०१.४ येतच नाही. ९३.५ आणि ९८.३ विषम, म्हणून ती सापडतात. सेटिंगमध्ये रेडिओ रीजन भारत, आशिया किंवा युरोप केलं की काम होतं. सेट थेट जपानमधला असेल तर त्याचा एफएम पट्टाच खाली, ७६ पासून सुरू होऊन नव्वदीत संपतो, त्यावर १०१.४ ऐकायला वेगळा कन्व्हर्टर लागतो, म्हणून तो घेऊच नका.

सगळीच स्टेशनं क्षीण येत असतील तर छतावरच्या अँटेनाला वीज मिळत नाही. अनेक गाड्यांत अँटेनाच्या बुडात एक छोटा ॲम्प्लिफायर असतो, त्याला निळ्या वायरीतून १२ व्होल्ट लागतात. फिटर ती वायर "अँटेना वर-खाली होणारी नाहीये" म्हणून मोकळी सोडतो. जोडून घ्या. डोंगराआड गेल्यावर एफएम तुटणारच, त्याला कुठलाही सेट इलाज नाही.

दुकानातून निघण्याआधी

मजुरी देण्याआधी अर्धा तास लागला तरी चालेल. किल्ली काढा, सेट विझला पाहिजे. पुन्हा लावा, फोन आपोआप जोडला गेला पाहिजे. फेडर-बॅलन्सने चारही स्पीकर एकेक करून ऐका. इंजिन चालू करून शिट्टी येते का बघा. हेडलाइट, हॉर्न, वायपर, हॅझर्ड, एसीचा पंखा, पॉवर विंडो सगळं चालवा. एअरबॅगचा दिवा किल्ली फिरवल्यावर लागून विझला पाहिजे. जळतच राहिला तर गाडी तिथून हलवू नका. घरी कोणी असेल तर फोन करा आणि माझा आवाज कसा येतोय विचारा. माईक स्टिअरिंगमागे कोंबला असेल तर समोरचा "विहिरीतून बोलतोयस का" म्हणेल. तो उजव्या खांबावर, वरच्या बाजूला हवा. डॅशबोर्डवर मूठ फिरवून दाबून बघा, क्लिप राहिली असेल तर ती जागा करकरते, आणि तो आवाज सिन्नरपर्यंत जाईस्तोवर डोकं उठवतो.

बिल जीएसटीसकट, त्यावर मॉडेल आणि अनुक्रमांक. बिलाशिवाय हजार रुपये वाचतात, पण वॉरंटी कार्डला तसा अर्थ उरत नाही. त्याच बिलाची प्रत विमा कंपनीला द्या. बाहेरून बसवलेली इलेक्ट्रॉनिक वस्तू पॉलिसीत वेगळी नोंदवली नसेल तर चोरी किंवा अपघातात तिचे पैसे मिळत नाहीत. नोंदवायला साधारण तिच्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता लागतो; सहा हजारांच्या सेटला वर्षाला अडीचशेच्या आत.

कंपनीचा जुना सेट, त्याची फ्रेम आणि निघालेले स्क्रू एका पिशवीत मागून घ्या, दुकानात सोडू नका. कपलर लावलेला असेल तर पुढे गाडी विकताना जुना सेट पुन्हा जागेवर बसतो आणि नवा तुमच्या पुढच्या गाडीत जातो.